टीएसएच सहा, वय सत्तेचाळीस

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आधीच्या औरंगाबादच्या, मुकुंदवाडीत माझं औषधाचं दुकान आहे. जालना रोडला लागून नाही, आतल्या गल्लीत आहे. म्हणून तर 2025च्या जूनमध्ये महापालिकेचे जेसीबी रस्त्याकडेची बांधकामं पाडत आले तेव्हा ते बचावलं. गिऱ्हाईक म्हणजे चिकलठाण्याच्या कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायका, सिडकोत धुणीभांडी करणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई, काही शिक्षिका आणि या सगळ्यांच्या सासवा. डॉक्टरांपुढे पाच मिनिटं मिळतात. माझ्या काउंटरपुढे गर्दी नसली तर कितीही वेळ मिळतो. त्यामुळे तिथं सांगायचं राहून गेलेलं सगळं इथं सांगितलं जातं.

या बायकांच्या चिठ्ठ्यांत अलीकडे एक गोष्ट वारंवार दिसते. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, आणि औषध थायरॉक्सिन 25 मायक्रोग्रॅम. "ताई, मला थायरॉईड निघाला." किती निघाला विचारलं की रिपोर्ट पुढे करतात. टीएसएच 5.8, किंवा 6.3, किंवा 7.1. फ्री टी-4 बहुतेक वेळा केलेलंच नसतं. "बॉर्डरवर आहे म्हणले, पण गोळी आता जन्मभर." तपासणी कशासाठी केली होती, तर झोप लागत नाही, अंगातून गरम वाफा निघतात, पहाटे घामानं गाऊन ओला होतो, बोटांचे सांधे धरतात, लेकरांवर उगाच ओरडायला होतं, आणि पाळी तीन महिन्यांनी आली.

पाळी जाण्याच्या वयातल्या याच त्रासावर इस्ट्रोजेन हे हार्मोन लिहिलेली चिठ्ठी माझ्याकडे क्वचित येते. आली तरी सिडकोतल्या एखाद्या मॅडमची असते. पॅकिंग लाइनवर आठ तास उभ्या राहणाऱ्या बाईची नसते.

या वयाच्या बाईला जी गोळी बहुधा लागत नाही ती सहज मिळते, आणि ज्या औषधानं तिला आराम पडला असता त्याचं नावही तिच्यापुढे कुणी काढत नाही. माझ्या मते यामागचं कारण अगदी साधं आहे. थायरॉईडला कागदावर आकडा आहे, पाळी जाण्याला नाही. आणि आपल्याकडे बाईच्या तक्रारीवर घरच्यांचा, डॉक्टरांचा आणि खुद्द तिचाही विश्वास बसायला छापील आकडा लागतो, शक्य तर ठळक अक्षरांत आणि पुढे बाण काढलेला.

हे लिहून तू आपलाच धंदा बुडवतेस, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. थायरॉक्सिन दिवसाला दीड-दोन रुपयांची गोळी आहे. तिच्यावर बंगले होत नाहीत. माझी तक्रार पैशाची नाही. "थायरॉईड निघाला" म्हटलं की बाईच्या त्रासाची फाइल बंद होते, ही खरी अडचण आहे. पुढं वर्षभर वाफा चालूच राहिल्या तरी घरात उत्तर ठरलेलं: गोळी घेतेस ना, मग?

आधी त्या आकड्याचंच बघू. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन नव्हे. थायरॉईडला कामाला लावणारं ते हार्मोन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, आणि थायरॉईड कमी पडू लागली की ते वाढतं. टीएसएच वाढलेलं, पण थायरॉईडचं स्वतःचं टी-4 अजून पुरेसं, अशी अवस्था म्हणजे ही 'बॉर्डर'. ती दुर्मीळ नाही. मुंबई, गोवा, हैदराबाद अशा आठ ठिकाणच्या 5,376 प्रौढांची तपासणी 2013 साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ 11 टक्के लोकांना थायरॉईड कमी असल्याचं आढळलं आणि त्यांच्याशिवाय आणखी 8 टक्के या बॉर्डरवरचे होते. थायरॉईड कमी असल्याचं सर्वांत जास्त प्रमाण होतं 46 ते 54 या वयोगटात. म्हणजे पाळी जाण्याचं वय आणि बॉर्डरचा थायरॉईड एकाच बाईत, एकाच वर्षात सापडणं अगदी स्वाभाविक आहे. दोन्ही एकत्र सापडले म्हणून एकामुळे दुसरं होतंय असं मात्र नाही.

शिवाय हा आकडा वाटतो तेवढा पक्का नसतो. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. सकाळी सातला दिलेलं रक्त आणि दुपारी तीनला दिलेलं रक्त एकाच बाईचं असूनही वेगळं बोलतं. आजारातून उठल्यावर ते काही दिवस वर राहतं. लॅबची रेघही एक नसते. कुणाच्या यंत्राची वरची मर्यादा 4.2, तर कुणाची 5.5. म्हणजे 5 टीएसएच असलेली बाई एका लॅबमध्ये आजारी आणि पलीकडच्या लॅबमध्ये ठणठणीत. वय वाढतं तशी ही मर्यादाही थोडी वर सरकते, पण कागदावर वीस वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या आजीला एकच रेघ छापलेली असते. केस गळतात म्हणून बायका माझ्याकडून बायोटिन नेतात. ते अनेक यंत्रांची मोजणीच बिघडवतं, टीएसएच आहे त्याहून कमी दाखवतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा, हे मी बाटली देतानाच सांगते, कारण रक्त घेणारा मुलगा ते विचारेलच असं नाही.

म्हणूनच बॉर्डरचा आकडा दोन-तीन महिन्यांनी परत तपासायचा असतो. कितीतरी जणींचा तो आपोआप खाली आलेला असतो. ब्रिटनच्या 2019च्या मार्गदर्शक सूचना इथं मला शहाण्या वाटतात. टीएसएच 10च्या खाली असेल, तीन महिन्यांच्या अंतरानं दोनदा वाढलेलं सापडलं असेल, वय पासष्टच्या आत असेल आणि त्रासही असेल, तर सहा महिने गोळी देऊन बघण्याचा विचार करा, त्रास तसाच राहिला तर ती थांबवा. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं याहून कडक सल्ला दिला, की बॉर्डरवरच्या बहुतेक प्रौढांना गोळी देऊच नका. त्याआधी 21 चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. त्यांत गोळीनं ना थकवा हटला, ना जगणं सुधारलं. या चाचण्यांत वयस्क माणसं बरीच होती, हे खरं. पण "आता जन्मभर" हे दोन शब्द पहिल्याच रिपोर्टवर उच्चारायला त्यातून कुठलाही आधार मिळत नाही.

थायरॉक्सिनबद्दल माझ्या मनात अढी आहे असं कुणी समजू नये. 1891 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरी नावाच्या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचला. तिचं वय होतं 46. चेहरा सुजलेला, बोलणं जड झालेलं, थायरॉईड जवळपास संपलेली. त्यानंतर ती बाई 28 वर्षं जगली. ज्यांची थायरॉईड खरोखर थकली आहे, टी-4 खाली गेलंय, टीएसएच 10च्या वर आहे, त्यांना ही गोळी लागतेच. दिवस राहिलेली किंवा मूल हवं असलेली मुलगी असेल तर तिचे निकष आणखी वेगळे, तिथं थांबून चालत नाही. आणि ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, माझं नाही आणि पेपरचंही नाही.

पण गरज नसताना घेतलेली गोळी निरुपद्रवी असते हा समजही सोडायला हवा. डोस वाढत वाढत टीएसएच तळाला गेलं की छाती धडधडते, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि हाडं झिजतात. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं तशीही झपाट्यानं झिजतात. त्यात ही भर. वजन कमी होईल म्हणून कुणी स्वतःच पंचवीसची पन्नास करतं. बॉर्डरच्या थायरॉईडनं दहा किलो वजन वाढत नाही, आणि गोळीनं ते उतरतही नाही.

बरं, गोळी घ्यायची तर नीट घ्यावी, तेही आमच्या भागात सोपं नाही. अनशापोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी, कारण लोह नि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच अडवून ठेवतात. इथं नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं आणि त्याची वेळ ठरलेली नसते. 2019 साली मुकुंदवाडीची शाळकरी मुलं रेल्वेनं तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनवर जाऊन पाणी आणत होती, ते परदेशी वृत्तसंस्थांनीही छापलं. रात्री दोनला पाणी आलं की बाई उठते, टाकी-पिंप भरते, तेव्हाच चहा टाकते, मग झोपायचं कशाला म्हणून डबे करायला लागते. तिची अनशापोटीची वेळ नेमकी कोणती? वर 'रक्त कमी' आहे म्हणून लोहाची गोळीही चालू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांत रक्ताची कमतरता सापडली होती. बायका दोन्ही गोळ्या एकदम चहाबरोबर घेतात, टीएसएच खाली येत नाही, आणि डोस वाढतो. थकव्याचं कारण थायरॉईड नसून हिमोग्लोबिन 8 आहे, असंही पुष्कळदा निघतं.

आता दुसरी बाजू.

जिला भर डिसेंबरात पंखा लागतो तिला तो थायरॉईड कमी पडल्यामुळे लागत नाही. थायरॉईड कमी पडलेल्या माणसाला उलट थंडी वाजते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, नाडी मंद चालते. अचानक छातीतून मानेकडे चढणारी वाफ, पाठोपाठ दरदरून घाम आणि मग हुडहुडी, हे पाळी जाण्याचं लक्षण. थकवा, केस, वजन, चिडचिड आणि झोप ही मधली सामायिक जमीन, आणि सगळा घोळ होतो तो तिथंच.

भारतीय बायकांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षं आधी. त्रास त्याच्याही आधी सुरू होतो, पाळी मागेपुढे होत का होईना येत असते तेव्हाच. म्हणून बाईच्या मनात ही शंका येतच नाही. आणि पाळी खरोखर गेली की आमच्याकडे बायका खूश असतात. सुटले बाई एकदाची. देवाचं करता येतं, पंढरीच्या वारीला निर्धास्त जाता येतं, शिवायचं-न शिवायचं संपतं. ज्या गोष्टीनं सुटका दिली तिच्यावरच घामाचा आणि हाडांचा आळ कोण घेणार? त्यापेक्षा थायरॉईडवर घेणं सोपं.

डॉक्टरी हिशेबही साधा आहे. बाई पंचेचाळीसच्या पुढची असेल, पाळी बदलली असेल आणि वाफा येत असतील तर निदानाला रक्ताची तपासणी लागत नाही. बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली. एफएसएच नावाची एक तपासणी आहे, पण पाळी जाण्याच्या काळात तिचा आकडा महिन्या-महिन्याला इतका वरखाली होतो की या वयात ती करू नये असंच सांगतात. म्हणजे इथं बाईनं सांगितलेलं हेच निदान. तिचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ऐकायला वेळ लागतो.

वाफांवर आणि रात्रीच्या घामावर सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे इस्ट्रोजेन. चाचण्यांत त्यानं वाफांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांश कमी झालेली आहे. गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका होतो. पण "हार्मोन" शब्द काढला की बाई म्हणते, "नको ताई, त्यानं कॅन्सर होतो." गंमत अशी की थायरॉक्सिनही हार्मोनच आहे, पण त्याला कुणी भीत नाही.

ही भीती आली कुठून? जुलै 2002 मध्ये अमेरिकेतली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही 16,608 बायकांची चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जगभर मथळे झाले. त्या मथळ्यांमागचा हिशेब असा होता: गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला 30 जणींना स्तनाचा कर्करोग होत होता, घेणाऱ्यांत 38. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या, हे खरं. पण त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बायकांना नव्यानं हार्मोन सुरू केलं होतं, तेही पोटातून आणि जुन्या प्रकारचं. त्यावरून सत्तेचाळीसच्या बाईला घाबरवणं गैर होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त, असं आता जगभरच्या तज्ज्ञ संस्था म्हणतात. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचा काळ्या चौकटीतला इशारा बहुतांशी काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. 23 वर्षं लागली. तेवढ्यात एक पिढी वाफा सोसत म्हातारी झाली.

सगळ्यांना ते चालत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, पायात गुठळी झाली असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा अंगावरून कारण न कळता रक्त जात असेल तर नाही. ते तपासून, रक्तदाब बघून, स्तनांची तपासणी करूनच द्यायचं औषध आहे. माझ्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न सत्तेचाळीसच्या बाईवर थांबत नाही. आमच्या गल्ल्यांत बीड-जालन्याकडून आलेली कुटुंबं भरपूर आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी बायका पस्तिशीतच सांगतात, "माझी पिशवी काढली." 2019 साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणावर सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण दर सहा बायकांत एक. तेव्हा चर्चा झाली ती मुकादमाची, पाळीच्या दिवसांत बुडणाऱ्या मजुरीची आणि खासगी दवाखान्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण ऑपरेशन झालेल्या बायकांचं पुढं काय, हा प्रश्न बाजूलाच पडला.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील तर बाईची रजोनिवृत्ती ऑपरेशन टेबलावरच होते, पस्तिसाव्या वर्षी, एका दिवसात. वाफा जबरदस्त येतात. हाडं आणि हृदय यांना मिळणारं संरक्षण दहा-पंधरा वर्षं आधीच जातं. अशा बाईला, मनाई करणारं काही नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं यावर जगभर फारसा वाद नाही. तिला गर्भाशय नाही म्हणून एकटं इस्ट्रोजेन पुरतं, आणि त्याच अमेरिकन चाचणीच्या एकट्या इस्ट्रोजेनच्या गटात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नव्हता. अंडाशय ठेवले असले तरी पिशवी काढलेल्या बाईचे अंडाशय काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळी मुळातच नसल्यानं ते कळायला काही खूण नसते. मी अशा बायकांना विचारते, अंडाशय काढले की ठेवले? बहुतेकींना माहीत नसतं. कागद कुठंय? "बिऱ्हाड हलवताना गेला." अशी एकजण माझ्याकडे थायरॉक्सिन न्यायला येते. वय चाळीसही नाही, टीएसएच 5.9.

आता दोन्ही गोष्टी जिथं एकमेकींत अडकतात तिथं येते, कारण याबद्दल तर डॉक्टरांच्या खोलीतही फार बोललं जात नाही. थायरॉईडचं हार्मोन रक्तात बहुतांश एका प्रथिनाला चिकटून फिरतं. पेशींच्या कामाचा असतो तो सुटा राहिलेला किंचितसा भाग. तोंडानं घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जातं, आणि यकृत हे प्रथिन जास्त बनवू लागतं. जालना रोडवर शेअर रिक्षा दुप्पट झाल्या आणि प्रवासी तेवढेच राहिले, तर थांब्यावर उभं कुणी दिसणार नाही, सगळे रिक्षांत बसलेले. तसं सुटं हार्मोन कमी होतं. धडधाकट थायरॉईड थोडं जास्त काम करून ही भर काढते. थायरॉक्सिनवर असलेल्या बाईची थायरॉईड ती काढू शकत नाही, तिचा डोस वाढवावा लागू शकतो. हे 2001 मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेलं आहे. आणि बॉर्डरवरची बाई या दोघींच्या मध्ये असते.

माझंच सांगते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी टीएसएच 6.2 आलं आणि पहिल्याच भेटीत गोळी लिहून मिळाली. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी परत तपासायला सांगितलं, सोबत फ्री टी-4 आणि थायरॉईडविरोधी अँटीबॉडी. टी-4 व्यवस्थित, अँटीबॉडी जास्त. म्हणजे ग्रंथी पुढंमागं थकू शकते, वर्षाला लक्ष ठेवा, आज गोळी नको. वाफांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेनची गोळी आणि प्रोजेस्टेरॉन दिलं. काही आठवड्यांत मी रात्रभर झोपू लागले. ते सुख काय असतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. तीन महिन्यांनी रक्त दिलं तर टीएसएच 9च्या वर, आणि एकूण टी-4ही मर्यादेच्या वर. हे दोन्ही एकदम वर कसे? लॅबमधल्या मुलानं रिपोर्ट चुकला असेल म्हणून परत रक्त घेतलं. रिपोर्ट बरोबरच होता. एकूण टी-4 वर दिसत होतं ते प्रथिनाला चिकटलेल्या हार्मोनमुळे. सुटं, म्हणजे फ्री टी-4, जेमतेम होतं. हार्मोनतज्ज्ञांनी गोळी बंद करून तेच इस्ट्रोजेन जेलच्या रूपात दिलं. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन यकृताला तसं चाळवत नाही, आणि गुठळ्यांचा धोकाही गोळीपेक्षा कमी असतो. टीएसएच पुन्हा बॉर्डरवर आलं. झोप शाबूत राहिली. जेल गोळीपेक्षा महाग पडतं, एवढाच काय तो तोटा.

आपल्याकडची स्वस्त 'थायरॉईड प्रोफाइल' म्हणजे एकूण टी-3, एकूण टी-4 आणि टीएसएच. शिबिरांतून, कंपन्यांच्या वार्षिक तपासणीतून हीच होते. पोटातून इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईच्या बाबतीत तिच्यातले पहिले दोन आकडे दिशाभूल करतात. फ्री टी-4 आणि टीएसएच एवढंच केलं तरी पुरे. शिबिरं भरवणाऱ्यांनी एवढा बदल केला तरी बरंच साधेल. त्याबरोबर तपासणीच्या फॉर्मवर दोन ओळी वाढवाव्यात: शेवटची पाळी कधी आली, आणि कोणती हार्मोनची औषधं चालू आहेत. माझ्या बघण्यातल्या फॉर्मवर त्या नसतात. वय असतं, वजन असतं, मोबाइल नंबर मात्र दोनदा असतो.

मोठ्या सरकारी दवाखान्यात थायरॉईड मेडिसिनच्या ओपीडीत आणि पाळी स्त्रीरोगच्या ओपीडीत. एका खिडकीवर एक कागद, दुसऱ्या खिडकीवर दुसरा, आणि दोन वारांना दोन हजेऱ्या कापल्या जातात. घाटी रुग्णालयानं आणि चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयानं आठवड्यातली एक दुपार चाळिशीपुढच्या बायकांसाठी ठेवून दोन्ही डॉक्टर एका ठिकाणी बसवावेत. नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. खाजगी डॉक्टरांना माझी विनंती आहे की 10च्या खालच्या टीएसएचवर पहिल्याच भेटीत "जन्मभर" म्हणू नका, आणि चाळिशीपुढच्या बाईनं थकवा म्हटलं की पाळीबद्दल विचारा.

आणि वाचणाऱ्या बायकांना सांगते. बॉर्डरचा रिपोर्ट आला तर फ्री टी-4 केलंय का आणि परत कधी तपासायचं, एवढं विचारल्याशिवाय खोलीबाहेर येऊ नका. हार्मोनची गोळी सुरू झाली असेल तर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच करून घ्या. आणि घरात पिशवी काढलेली कुणी असेल, जाऊ, बहीण, मावशी, तर तिचं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशयांबद्दल त्यावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या. कार्ड सापडलं नाही तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात जाऊन नक्कल मागा. आपल्या उपचाराच्या कागदांची नक्कल मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.